डुक्कर फियाट, पद्मिनी आणि नागपूरचा मे महिना
जुन्या मोटारी : तुमचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं उन्हाळ्याची आहेत, आणि ते साहजिकच आहे. मे २०१३मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात चाळीस-पन्नास वर्षांची मोटार सांभाळणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पहिलं पत्र वेगळ्या कारणासाठी घेते, कारण तशी गाडी आपल्याकडे दर दुसऱ्या जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये सापडेल.

प्रश्न (खामला) : ताई, वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, कोणी तिला चाबी लावलेली नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी टाका, पेट्रोल ओता आणि धक्का मारा, होईल सुरू. करू का?

उत्तर : नका करू. गाडी कदाचित सुरू होईलही, पण त्या पहिल्या मिनिटात जे नुकसान होईल ते भरून काढायला ब्लॉक लेथवर न्यावा लागेल. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गंजून जागीच धरलेल्या असू शकतात. त्यावर सेल्फ मारला किंवा गिअरमध्ये धक्का दिला की रिंग तुटते आणि सिलिंडरला आतून चरे पडतात. ज्या मिस्त्रींकडे मी हे काम शिकले ते म्हणायचे, "पोरी, आधी हातानं फिरव, मंग चाबीले हात लाव."

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी आधी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहा. चाकंच हलली नाहीत तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेत, ते आधी सोडवावे लागतील. चाकं मोकळी असतील तर प्लग बाहेरच ठेवून चौथा गिअर टाका आणि दोघांनी हळूच ढकला. पुढचा पंखा फिरला म्हणजे इंजिन मोकळं आहे. नाही फिरला तर जोर करू नका. पुन्हा तेल सोडा, अजून दोन दिवस थांबा.

इंजिन मोकळं निघालं तरी ते सुरू करायची घाई नको. आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि सात वर्षांत त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे रबर किट बदला, पाइप तपासा, ऑइल नवं भरा. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन असे. कुठेही गळलं तर पाय सरळ खाली जातो.

मग टाकी. झाकण उघडून वास घ्या. आंबूस वास आला तर पेट्रोलचा डिंक झालेला आहे. टाकी उतरवून धुवा, कार्बोरेटर पूर्ण खोला, जेट साफ करा. रबरी पेट्रोल पाइप सगळे टाकून द्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही, फुगतं आणि आतून सुटतं. नवे पाइप घेताना इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच मागा, आणि टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर बसवा. सुरुवातीचे काही आठवडे त्यात टाकीतला गंज येत राहील, कारण इथेनॉल तो सोडवतं. घाबरू नका, फिल्टर बदलत राहा.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी ते वापरू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचलेत तर मी काय म्हणते ते कळेल. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, तेही बॅटरी जोडण्याआधी बघा.

आणि गाडी एकदा चालती झाली की मग पोर्चमध्ये रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याची जी पद्धत आहे, ती कृपा करून पाळू नका. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. तयार झालेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि गंज आतून सुरू होतो. आठवड्यातून एकदा सकाळी बाहेर काढा, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जा, चहा घ्या, परत या. वडिलांची गाडी जपायची असेल तर ती रस्त्यावर हवी. ताडपत्रीखाली तिचा पत्रा, रबर, ब्रेक सगळंच हळूहळू जातं. मी हे कळकळीने सांगते, कारण अशा गाड्या शेवटी वजनावर भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत.

प्रश्न (जरीपटका) : माझी पद्मिनी मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कॉइल बदलली, पॉइंट बदलले, फरक नाही.

उत्तर : लक्षणं व्हेपर लॉकची, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ अडकल्याची आहेत, पण खात्री करून घ्या. गाडी बंद पडली त्याच क्षणी एक प्लगची वायर काढून ठिणगी बघा. निळी, कडक ठिणगी असेल तर दोष विजेचा नाही. मग कार्बोरेटरकडे जाणारा पेट्रोलचा पाइप बघा. इंजिन गरम असताना पेट्रोल सांडलं तर आग लागेल, म्हणून पाइप सोडू नका. पारदर्शक फिल्टर असेल तर त्यातच बुडबुडे दिसतील.

होतं असं की या गाड्यांचा पेट्रोल ओढणारा पंप (मेकॅनिक त्याला "एसी पंप" म्हणतात) इंजिनाला चिकटून असतो. चालत्या गाडीत हवा लागते आणि पेट्रोल वाहतं राहतं. सिग्नलवर दोन्ही थांबतात. पंपात आणि पाइपात पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंपाचा पडदा वाफ ढकलू शकत नाही. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे हे आणखी लवकर होतं. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते याचसाठी, आणि तो उपाय आजही चालतो. मी मे महिन्यात बाटलीभर पाणी आणि सुती फडकं गाडीत ठेवतेच.

कायमचा इलाज मात्र थंडपणाचा आहे. पेट्रोल पाइप एक्झॉस्टपासून शक्य तेवढा दूर न्या. कार्बोरेटरखाली फायबरचं जाड पॅकिंग घाला. इग्निशनचा टायमिंग मागे पडला असेल तर इंजिन विनाकारण तापतं, तो लावून घ्या. आणि रेडिएटर खोला. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओततात. ते क्षारांचं पाणी आहे, नळ्यांत पांढरा थर बसतो आणि अर्धा रेडिएटर कामच करत नाही. रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून तो थर काढून घ्या, नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा.

एक गोष्ट जीव तोडून सांगते : तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. फियाटचं, म्हणजे पद्मिनीचंही, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग तेलात पाणी.

प्रश्न (नरेंद्रनगर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : आजोबांचा एक जुना फोटो सापडला. ते एका छोट्या गोल गाडीपाशी उभे आहेत, आणि पुढचं दार उलट्या बाजूने उघडलेलं आहे. घरात कोणी म्हणतं फियाट, कोणी म्हणतं मॉरिस. ओळख कशी पटवायची?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेल्या प्रतीत जाळीचा आकार आणि ते मागे बिजागरी असलेलं दार स्पष्ट दिसतं. ही फियाट ११००, आपल्या सगळ्यांची लाडकी "डुक्कर फियाट". इटलीत ही गाडी १९५३मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती जोडायला घेतली.

ती कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढली. आधी तिथे क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या आणि ट्रक जोडले जात. १९५३मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांना भारतात सुटे भाग बनवायचे नाहीत, फक्त आणून जोडायचे आहेत, त्यांना इथे जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. पुढची तीसेक वर्षं आपल्या रस्त्यांवर मुख्यतः तीनच घराणी उरली : कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणारी पिढी तुझ्या आजोबांचीच.

१९६४मध्ये "डिलाइट" आली, तिची दारं नेहमीसारखी पुढे बिजागरी असलेली. म्हणजे तुझी गाडी त्याआधीची. तीच डिलाइट सत्तरीच्या सुरुवातीला "प्रेसिडेंट" झाली आणि १९७४पासून "पद्मिनी". माझ्याकडची गाडी १९६७ची डिलाइट आहे आणि तिचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात तुझ्या आजोबांच्या गाडीच्याच घराण्यातलं.

साल आणखी नेमकं करायचं असेल तर नंबर प्लेट भिंगाने वाच. नागपूर १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, आणि १९६०पासून महाराष्ट्रात. प्लेटवरची अक्षरं त्याप्रमाणे बदलली. घरात जुनं टॅक्सचं पुस्तक, विम्याचा कागद, पेट्रोलची पावती असं काही असेल तर फेकू देऊ नकोस. गाडी गेली तरी कागद हा इतिहासच आहे, आणि आपल्याकडे तो जपणारे फार थोडे आहेत.

प्रश्न (गोंदिया) : नात्यातल्या एका काकांकडे १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. घ्यावी का? विंटेज नोंदणी करून घ्यावी म्हणतात.

उत्तर : हेराल्ड घ्या, जरूर घ्या! चेसिस वेगळी असल्यामुळे तिचं पत्र्याचं काम फियाटपेक्षा सोपं जातं, आणि बोनेट पुढच्या मडगार्डसकट उचललं जात असल्याने इंजिनाशी बसून काम करता येतं. पण आधी चेसिस बघा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळीकडे फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. आणि आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.

विंटेज नोंदणीबद्दल घाई करू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,०००. मात्र अशी गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तुमच्या काकांची साधी नोंदणी जिवंत असेल तर फिटनेस करून तीच पुढे चालवा. मी तेच करते. मला भाजी आणायला जाता आलं पाहिजे.

प्रश्न (हिंगणा) : १९६२च्या ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवून देतो म्हणतात. ॲव्हरेज वाढेल.

उत्तर : नाही. ते १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हीच त्या गाडीची ओळख आहे, आणि परवानगीशिवाय इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्यातही बसत नाही. पैसे वाचवायचे असतील तर तेवढ्यात हेडचं काम करून घ्या. या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट थेट बिडातच कापलेल्या आहेत. शिशाचं पेट्रोल २०००मध्ये बंद झाल्यापासून त्या झिजत जातात. कडक सीट बसवून घेतल्या की इंजिन अजून एक पिढी चालेल.

प्रश्न (महाल, नववीतला विद्यार्थी) : काकू, मला जुन्या गाड्या दुरुस्त करायला शिकायचं आहे. आई म्हणते आधी दहावी कर. सुरुवात कशाने करू?

उत्तर : आई बरोबर सांगते, पण रविवार तुझा आहे. आधी फक्त दोन हत्यारं घे : प्लगचा पाना आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा). घरात किंवा शेजारी कोणाची जुनी गाडी असेल तर मालकांना विचारून आणि त्यांच्या समोरच हात लाव. प्लगवर काजळी आहे की तो विटकरी आहे की पांढरा पडलाय, ते वहीत लिही. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी किंवा इंजिन तापतंय. मग डेल्कोचं, म्हणजे प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढ. फियाट आणि ॲम्बेसेडर दोन्हींचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. रोटर कुठे बघतोय आणि त्या वेळी कोणत्या सिलिंडरची पाळी आहे, हे कागदावर काढून पाहा. पॉइंटची फट ॲम्बेसेडरमध्ये १४ ते १६ हजारांश इंच लागते, त्याची पाती गेजमधून शोध. झाकण काढण्याआधी चारही वायरींना नंबराच्या चिठ्ठ्या बांध, आणि बॅटरीचं एक टर्मिनल सोडून ठेव. एवढं जमलं की मला पुन्हा लिही, कार्बोरेटर कसा खोलायचा ते पुढच्या वेळी सांगते.