आजी ७९ वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं का? आणि पुन्हा पडू नयेत म्हणून घरात काय करावं?

करा. डॉक्टर तयार असतील तर उद्याचीही वाट बघू नका. तुमच्या काकांचं "या वयात चिरफाड कशाला, पडून राहिली की जुळेल" हे वाचून डोकं सटकलं, म्हणून लिहायला बसलो. आमच्या घरात हे वाक्य दोनदा ऐकलंय.

पहिल्यांदा आत्याच्या वेळी, उमरेडला. तिला घरीच पाठीवर निजवून पायाला दोरीनं विटा लटकवल्या होत्या, वर हाडवैद्याचा लेप. हाड जुळलं की नाही ते कळायची वेळच आली नाही. आधी कमरेखाली जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. सगळे म्हणाले, वय झालं होतं. वय कसलं? खुबा मोडलेलं म्हातारं माणूस झोपून राहिल्यानं जातं. न्यूमोनिया, बेडसोर, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताची गुठळी, हे सगळं पलंगावरच होतं.

दुसऱ्यांदा आईच्या वेळी. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू होता, हॉलमध्ये कूलर. रात्री लघवीला उठली आणि कूलरच्या स्टँडपाशी पडली. मी लाईट लावला तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आणि पंजा पार बाहेर कललेला. असा पाय दिसला की उभं करून बघायचं नाही, चोळायचं तर नाहीच. सरळ १०८ ला फोन.

नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे लाईटवर धरून दाखवला. मांडीचं हाड वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागाशी, म्हणजे त्याच्या 'माने'शी, मोडलं होतं. गोळ्याला रक्त त्या मानेतूनच जातं. तिथे मोडून सरकलं की म्हाताऱ्या माणसात जुळायची आशा कमीच, म्हणून गोळाच बदलतात. थोडं खाली मोडलं तर रॉड टाकतात. ते हाड झोपून जुळू शकतं हे खरं, पण त्याला दोन-तीन महिने पलंग लागतो, आणि पलंगाचं वर सांगितलंच.

तेवढ्यात दादा काटोलहून आला. "काहून घाई करून राहिला बे? नवतपा उतरू दे, उन्हाळ्यात टाके पिकतात." मग बीपी १६० दिसल्यावर, "आधी हप्ताभर बीपी उतरवा." फिजिशियन शांतपणे म्हणाले, मोडलेल्या हाडानं बीपी वाढणारच, तेवढ्यासाठी कोणी थांबत नाही. जगभर हे ऑपरेशन ३६ ते ४८ तासांच्या आत करायचं असंच सांगतात. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या सुमारे ३ हजार रुग्णांचा अभ्यास आला होता. निदानानंतर सहा तासांत आणि साधारण चोवीस तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना होती. मृत्यूंत फरक पडला नाही, पण लवकर झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. म्हणजे चोवीस तास चालतात. नवतपा चालत नाही.

भ्रमाची तयारी ठेवा. आई दुसऱ्या रात्री सिस्टरला "माझ्या घरातून निघ" म्हणून ओरडत होती, सलाईन उपटायला गेली. दादा लगेच, "पाह्य, डोकं गेलं ना भुलीनं!" भूल एकटी कारण नसते. दुखणं, औषधं, पाणी कमी पडणं, अनोळखी खोली, सगळं मिळून होतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं. आम्ही तिचा चष्मा आणि कानाचं मशीन आणून दिलं आणि रात्री घरचंच माणूस बसवलं. खरा फरक त्यानं पडला. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी केली. ओरडली, पण उभी राहिली.

आता पडण्याबद्दल. दादानं कूलर हलवला, बाथरूममध्ये दांडे ठोकले आणि आईला फर्मान काढलं, "तू उठूच नको." दांडे हवेतच, रात्री मंद दिवा हवा, सरकणारं पायपुसणं नको, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. पण "उठू नको" हा सगळ्यात घातक सल्ला. बसून बसून मांड्यांतलं बळ जातं आणि माणूस पुन्हा पडतं. पडणं कमी होतं ते व्यायामानं. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओटा धरून एका पायावर उभं राहणं. रोज.

आणि गोळ्यांची पिशवी डॉक्टरसमोर ओता. आमच्या आईची झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू होती, मेडिकलवाला चिठ्ठी न बघता द्यायचा. वर बीपीच्या दोन. दादा अजून म्हणतो कूलरच्या पाण्यानं पडली. अरे, फरशी कोरडी होती! उठताना बीपी खाली आलं आणि गुंगी होती. (ती गोळी मनानं एकदम बंद करू नका हां, हळूहळू सोडवावी लागते.)

हाडाच्या ठिसूळपणाचं औषध तर बहुतेक घरी विसरतात. ऑपरेशन झालं की काम संपलं असं वाटतं. त्यातलं एक म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन, वर्षातून एकदा. २००७ च्या अभ्यासात खुबा मोडलेल्यांना ते दिल्यावर नवी फ्रॅक्चरं सुमारे ३५ टक्के आणि मृत्यू २८ टक्के कमी झाले होते. आधी किडनी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासतात. ऑर्थोवाले स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा.

खर्चाचं म्हणाल तर सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, रुग्णालय यादीत असलं पाहिजे.

एक राहिलं. आजी आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या असतील, हृदय फारच कमजोर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर गणित बदलू शकतं. पण ते गणित भूलतज्ज्ञांनी मांडायचं, काकांनी नाही. काकांना "वय झालं" म्हणायचंच असेल तर वॉर्डात येऊन भूलतज्ज्ञांसमोर म्हणू द्या, आणि रात्री आजींजवळ बसायची पहिली पाळी त्यांनाच लावा.