ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे नियम दरवर्षी का बदलतात? मेलबर्नला आल्यापासून बघतोय, त्याने खेळ बिघडलाय का?

मेलबर्नच्या पश्चिमेला मुलांच्या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं इथलं नाव, यात चेंडू हातातही घेतात) सामन्यांना मी नऊ वर्षं पंच म्हणून उभी राहते. मुलगा ऑस्किकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटी वर्गाला, जायला लागला तेव्हा सोबत म्हणून शिकले. तो पुढे बास्केटबॉलकडे गेला, मी राहिले. तुमचा प्रश्न वाचला आणि एक रविवार आठवला, तो आधी सांगते.

जुलै महिना, मैदानात चिखल, १४ वर्षांखालच्या मुलांची मॅच. सुटलेल्या चेंडूवर दोघं धावले. एक वाकून उचलायला गेला. दुसऱ्याने घसरत येऊन चेंडू धरला आणि पहिल्याच्या नडग्यांवर आदळला. मी शिटी मारली, फ्री किक घसरणाऱ्याविरुद्ध. त्याचा प्रशिक्षक बाउंडरीवरून ओरडला, "चेंडू आधी त्याने घेतला! तू इथली नाहीस, तुला काय कळतो हा खेळ?" मॅच संपल्यावर सगळ्या पालकांदेखत पुन्हा तेच. पोरगा कळवळत नडगी चोळत बसला होता, त्याच्याकडे बघायला मात्र हा गेला नाही.

तो माणूस खेळायचा तेव्हा चेंडूसाठी जमिनीवर झोकून देणाऱ्याला शाबासकी मिळायची. २०१२ मध्ये सिडनी स्वान्सच्या गॅरी रोहनचा पाय अशाच घसरण्यात मोडला. २०१३ पासून गुडघ्याखाली जोरात धडकलं की फ्री किक, चेंडू आधी हातात आला असला तरी. इथे जन्मलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या लहानपणचे नियम पक्के बसलेत. माझ्याकडे ते नव्हतेच, म्हणून मी चालू वर्षाचं पुस्तक वाचून मैदानात उतरले होते.

आता का बदलतात ते. क्रिकेटचे नियम एमसीसी लिहिते, स्पर्धा दुसरे भरवतात. इथे लीग चालवणारी एएफएलच नियमही ठरवते, तिला थांबवणारं वर कुणी नाही. चेंडूभोवती गर्दी झाली, गोल कमी झाले, की बदल. २०१९ मध्ये मधल्या बाउन्सच्या वेळी, म्हणजे मैदानाच्या मध्यात चेंडू आपटून खेळ सुरू करताना, प्रत्येक संघाचे सहा खेळाडू पुढे, सहा मध्ये, सहा मागे अशी मांडणी सक्तीची केली. २०२१ मध्ये 'स्टँड' आला: मार्कवरचा, म्हणजे किक घेणाऱ्यासमोर खुणेवर उभा असलेला, खेळाडू हलला की ५० मीटरचा दंड (चेंडू तेवढा पुढे नेऊन दुसऱ्या संघाला देतात). प्रशिक्षक त्यातूनही वाट काढतात, मग पुढचा बदल. बदली खेळाडूचं बघा. २०११ मध्ये आणला, २०१५ नंतर काढला, २०२१ मध्ये दुखापतीपुरता परत, २०२३ मध्ये कुठल्याही कारणासाठी, २०२६ साठी पुन्हा रद्द. याला मी चाचपडणं म्हणते.

पण दुखापतीमुळे किंवा मैदानावरच्या वागण्यामुळे आलेल्या नियमांना त्याच मापाने मोजू नका. २०२२ मध्ये पंचासमोर नाराजीने हात पसरले तरी ५० मीटरचा दंड देऊ लागले, तेव्हाही लोक भडकले होते. मला तो नियम फार आवडला. टीव्हीवर शनिवारी जे दिसतं, ते मुलं रविवारी माझ्यासमोर करतात.

खेळ बिघडला का? माझ्या मते नाही. बघणाऱ्याला मात्र तो दरवर्षी थोडा परका होतो, आणि त्याचा राग पंचावर निघतो. एक गोष्ट मान्य करते: सगळे बदल स्थानिक लीगमध्ये लगेच येतातच असं नाही, त्यामुळे पालकांचा गोंधळ खरा असतो. पण गोंधळ वेगळा आणि "तू इथली नाहीस" वेगळं.

तुम्ही नवे आहात तर संकोचू नका. नियमपुस्तक नेटवर फुकट मिळतं, मार्चमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी वाचून काढा. कुणी तुमच्या जन्मगावावरून बोललं, तर त्याने पुस्तक शेवटचं कधी उघडलं ते विचारा. मी त्या रविवारी विचारलं नाही. पुढची मॅच दहा मिनिटांत सुरू करायची होती आणि त्या पोराच्या नडगीवर बर्फ धरायला कुणीतरी हवं होतं.