कोल्हापुरात आंघोळीच्या तांब्याच्या बंबात लाकडाऐवजी पेलेट चालतील का? गॅस गिझरपेक्षा किती पैसे वाचतील?

चालतील, पण बंबाच्या मधल्या नळीत वरून ओतून नाही. पेलेट म्हणजे भुसा किंवा पाचट दाबून केलेल्या छोट्या कांड्या. पेलेटची निम्मी बदनामी याच एका चुकीनं झाली आहे.

लाकडाची ढलपी नळीत उभी राहते, कडेनं हवा वर चढते. पेलेट 6 ते 8 मिलिमीटर जाडीचे, ते गच्च बसतात आणि हवेची वाट बुजते. त्यात नळीभोवती पाणी. तांब्याचा पत्रा जेमतेम शंभर अंशांपर्यंत तापतो, त्याला टेकलेला पेलेट पेटत नाही, नुसता धुमसतो. मग धूर आणि नळीला डांबरासारखी चिकट काजळी.

म्हणून ज्वाळा तांब्याला लागायच्या आधी पुरी जळली पाहिजे. बंब विटांवर उचला, खालची जाळी काढा आणि नळीच्या बरोबर खाली दुहेरी भिंतीचा डबा ठेवा. आतला डबा 12 सेंटिमीटर व्यासाचा, 15 उंच. तळाला 3 मिलिमीटरची छिद्रं, वरच्या काठाखाली 6 मिलिमीटरच्या वीसेक छिद्रांची एक रांग. दोन भिंतींच्या मध्ये 12 व्होल्टच्या छोट्या पंख्याची हवा सोडायची. पेलेट दहा सेंटिमीटरपर्यंतच भरा, म्हणजे साधारण 700 ग्रॅम. वरची छिद्रं झाकली की धूर ठरलेला. पेटवायचं वरून, नारळाच्या शेंडीनं, पंखा अगदी मंद ठेवून. पाच मिनिटांनी वाढवा. सुरुवातीलाच जोरात सोडला तर जाळ विझतो. अर्धा तास जळतं. मध्येच वरून भर घालू नका.

आता पेलेट कुठले, हे तुम्ही विचारलेलंच नाही आणि सगळं त्यावरच आहे. मंगळवार पेठेतल्या एका घरात असाच डबा आठ दिवस झकास चालला, नवव्या दिवशी धूर. घरच्यांनी पंखा बदलला, अ‍ॅडाप्टर बदलला, धूर तसाच. मी डबा उलटा करून आपटला, तर तळातून चिक्कीच्या वडीसारखी चकती पडली. वरून काळी, मोडल्यावर आत हिरवट काचेसारखी, आणि छिद्रांचे ठसे तिच्यावर उमटलेले. निम्मी छिद्रं तिनंच बुजवली होती. पहिलं पोतं लाकडाच्या भुशाचं होतं, दुसरं उसाच्या पाचटाचं, म्हणजे वाळल्या पाल्याचं. पाचटात पोटॅश असतं, सिलिका म्हणजे वाळूचाच घटक असतो, वर शेतातली माती. पोटॅशमुळं सिलिका कमी तापमानाला वितळते, आणि पंख्याच्या हवेत तेवढा ताव सहज मिळतो. स्वच्छ भुशाची राख एक टक्क्याच्या आसपास, पाचटाची त्याच्या पाच-सहा पट सहज. भाताच्या तुसाची तर 15 ते 20 टक्के.

यावर इथं प्रत्येक जण मला ऐकवतो, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळतंच की, मग पाचटानं काय घोडं मारलं? अहो, चिपाड चरकातून निघालेलं असतं. रसाबरोबर त्यातलं बरंचसं पोटॅश निघून जातं. पाचटानं चरक बघितलेलाच नसतो. शिवाय चुलवाणाला उंच धुराडं असतं, जाळ घालायला आणि राख ओढायला माणूस बसलेला असतो. तुमच्या डब्याला तीन मिलिमीटरची छिद्रं आहेत. दोन्ही उसाचंच म्हणून एका पोत्यात मोजू नका. विकणारा काही म्हणो, मूठभर पेलेट काचेच्या ग्लासात भिजवा. विरघळल्यावर ढवळून थांबा. तळाशी माती-रेती बसली तर ते पोतं परत करा.

पैशाचं म्हणाल तर हिशोब असा. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 1000 किलोकॅलरी लागतात. बंबात 35 टक्के उष्णता पाण्याला मिळाली असं धरलं, तर 700 ग्रॅम पेलेट. तेच काम चांगला गॅस गिझर 115 ग्रॅम गॅसमध्ये करतो. म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरच्या कामाला 85 किलोच्या आसपास पेलेट. तुमच्या भागातल्या दरानं गुणून बघा. घरगुती सिलिंडर नीट मिळत असेल तर फार वाचेल असं मी सांगणार नाही. लाकूड विकत घेत असाल तर मात्र फरक दिसेल, कारण बंबात लाकूड याच्या दुपटीनं जातं.

लाईट गेली की पंखा थांबतो आणि धूर सुरू होतो, तेव्हा 12 व्होल्टची छोटी बॅटरी जोडून ठेवा. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नकोत, झाकणाचा प्लास्टिकचा पिंप घ्या. इथल्या पावसाळ्यात उघडा पेलेट फुगून भुसा होतो. 2019 आणि 2021 च्या पुरासारखं पाणी तुमच्या गल्लीत येत असेल तर पिंप माडीवरच ठेवा. आणि बंब परसात, उघड्यावर. ज्वाळा संपल्यावर उरलेला निखारा धूर न दिसता कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो, त्यामुळं विझला असं समजूनसुद्धा डबा न्हाणीघरात आणायचा नाही.