व्हिडिओ गेम खेळणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का?

गेम संपतो की नाही, हे आधी बघा. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून कॅसेटवर मारिओ खेळायचो. राजकन्या सुटली की खेळ खलास. मोबाइलवरचे बरेच गेम मात्र संपतच नाहीत. रोज उघडलं तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, सीझन संपायच्या आत अमुक लेव्हल गाठा... ही सगळी रचना तुम्हाला परत परत आणण्यासाठी असते. तिथे वेळ जातोच, कधी कधी पैसेही.

बाकी तीन तास आयपीएल बघितलेलं चालतं आणि गेम खेळलेला चालत नाही, हे मला कधीच पटलं नाही. २०२३ साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकंसुद्धा होती. (म्हणून आपला बंड्या तिथे पोचेलच असं नाही!)

व्यसनाची शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी लावा: खेळण्यावर ताबा नसणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालू असणं. परीक्षेनंतर चार रात्री जागून खेळलात तर ते यात बसत नाही.