मानेतील चकती (मणक्यांमधील गादी) सरकल्याने होणाऱ्या तीव्र वेदनेवर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्यात का?

डॉक्टरांनी लिहून दिल्यास, थोड्या दिवसांसाठी आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत या गोळ्या घेता येतात. मात्र या गोळ्यांमुळे वेदना पूर्ण थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये. सरकलेल्या चकतीमुळे मज्जातंतूच्या मुळाशी दाब आणि सूज निर्माण होऊन कळ खांद्यापासून बोटांपर्यंत उतरते. गोळी ती सूज कमी करू शकते, चकती जागेवर बसवत नाही. कमरेच्या चकतीच्या रुग्णांवरील, २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ दिवस प्रेडनिसोन हे स्टेरॉइड (६०, ४० व २० मिलिग्रॅम, प्रत्येकी ५ दिवस) दिल्यावर दैनंदिन हालचाली काहीशा सुधारल्या, परंतु वेदनेत औषधविरहित गोळीच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. मानेबाबतचा पुरावा तर याहून तोकडा आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे झोप उडते, मधुमेह असल्यास रक्तातील साखर झपाट्याने वाढते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके सोबत घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. हाताची ताकद कमी होत असेल, सदऱ्याची बटणे लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर गोळ्यांच्या परिणामाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.