बहिणीच्या हृदयाला छिद्र आहे, पण आता ऑपरेशन होणार नाही म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घ्यावं का?

तुम्ही खानापूर भागातले, बहीण 23 वर्षांची, हृदयात जन्मापासून मोठं छिद्र, फाइलवर 'आयझेनमेंगर सिंड्रोम' लिहिलंय आणि घरात लग्नाची बोलणी चालली आहेत. मी निपाणीची, वय 41, आणि हाच आजार माझ्या अंगात आहे. मी डॉक्टर नाही. जे भोगलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगते.

मी तान्ही असताना दूध पिताना घामाघूम व्हायची, महिन्याआड न्यूमोनिया. आई विड्या वळून औषधाचे पैसे काढायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण पैसे नव्हते. मग दोन-अडीच वर्षांची झाल्यावर खोकला थांबला, अंग भरलं. आईनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोललेला, देवीनं ऐकलं म्हणून सगळे डोंगरावर जाऊन आले. पोरगी सुधारली, आता कशाला कापाकापी, असंच सगळे म्हणाले.

त्या सुधारण्यातच घात होता. छिद्रातून डाव्या बाजूचं रक्त जोरानं उजवीकडं जातं आणि फुफ्फुसात जादा रक्त घुसतं. वर्षानुवर्षं तो मारा सोसून फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. वाट अरुंद झाली की तिकडं रक्त कमी जातं, म्हणून मूल बरं झाल्यासारखं दिसतं. पण दाब वाढतच राहतो आणि शेवटी प्रवाह उलटा फिरतो. यालाच आयझेनमेंगर म्हणतात. ऑक्सिजन न मिळालेलं रक्त थेट शरीरात जायला लागतं. माझे ओठ आणि नखं नववीत असताना निळी दिसायला लागली, बोटांची टोकं फुगली.

म्हणून आता छिद्र बुजवायचं नाही. कडक झालेल्या फुफ्फुसापुढं हृदयाच्या उजव्या बाजूला दाब सोडायला तेवढीच एक वाट उरलेली असते. ती बंद केली तर उजवी बाजू थकून बसते, जीवही जातो. मोठं छिद्र असेल तर ते लहानपणीच बंद करायला हवं, पहिल्या वर्षाच्या आसपास. दुसरं मत जरूर घ्या, पण एवढंच विचारायला: कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून फुफ्फुसाचा दाब आणि अडथळा मोजलाय का? काहींचं निदान काठावरचं असतं, ते मोजल्याशिवाय ठरत नाही. मोजून नकार आला असेल तर 'मी करतो' म्हणणारा सर्जन शोधत फिरू नका.

हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही. बोसेंटान, सिल्डेनाफिल ही औषधं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतात. मला जिना चढायला त्यांनी फरक पडला. बोसेंटान चालू असताना यकृताची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते.

तिचं हिमोग्लोबिन 18-20 दिसेल. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर रक्त वाढवतं. 'रक्त दाट झालंय, काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात पुढं करू देऊ नका. उगाच रक्त काढलं की लोह कमी पडतं, आणि हिमोग्लोबिन जास्त असूनही लोहाची कमतरता असू शकते. उन्हाळ्यात, जुलाब-उलटीत पाणी कमी पडू द्यायचं नाही. दात काढण्याआधी अँटिबायोटिक विचारायचं. थुंकीतून रक्त आलं, किंवा तापासोबत डोकं ठणकायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका.

सलाईनमधला हवेचा बुडबुडा आमच्या बाबतीत छिद्रातून सरळ मेंदूकडं जाऊ शकतो. माझ्या पर्समध्ये एक कार्ड आहे, त्यावर हे, माझं नेहमीचं ऑक्सिजन 84 असतं हे आणि औषधांची नावं लिहिली आहेत. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. रात्री ड्युटीवरच्या सिस्टरना मराठी वाचता येईलच असं नाही. कोरोनात हाताला ऑक्सिमीटर लावला की सगळ्यांची धावपळ व्हायची, तेव्हा त्या कार्डानं फार कामं केली. तुम्हीही करून घ्या.

आता लग्न. लग्नाला माझी ना नाही, माझं झालंय, आधी सगळं सांगून. पण गरोदरपण तिच्यासाठी जिवावरचं आहे. जुन्या नोंदींत अशा बाळंतपणांत शंभरातल्या तीस ते पन्नास आया गेल्या आहेत. उपचार सुधारले तरी डॉक्टर आजही नकोच म्हणतात. 'एक तरी होऊ दे' म्हणणारी सासू तुम्हाला पत्रिका बघताना ओळखू येणार नाही. म्हणून मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना डॉक्टरांपुढं बसवूनच हे सांगा, फाइल दाखवा. गर्भनिरोधकाच्या साध्या गोळ्यांनी रक्ताच्या गाठी होऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरांकडूनच ठरवा.

तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात बहिणीला काय हवंय हे कुठंच आलेलं नाही. पाहुण्यांना शब्द द्यायच्या आधी तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या.