फ्रॉड रोखणारी सेवा निवडण्याआधी चार्जबॅक उघडून बघा

ऑनलाइन दुकानासाठी फ्रॉड रोखणारी एक कंपनी दर व्यवहारामागे ठरावीक पैसे मागतेय, दुसरी मंजूर ऑर्डरवर टक्का घेऊन चार्जबॅकची (गिऱ्हाइकाने बँकेत तक्रार केल्यावर दुकानदाराकडून परत जाणाऱ्या पैशांची) हमी देतेय, तर कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. दोघींनाही थांबवा. आधी आलेले सगळे चार्जबॅक कारणाच्या कोडप्रमाणे वेगळे करा. व्हिसाचा १०.४ म्हणजे 'हा व्यवहार मी केलाच नाही', १३.१ म्हणजे 'माल मिळाला नाही'. निम्मे १३.१ चे निघाले तर दुखणं डिलिव्हरीचं आहे, तिथे फ्रॉडची सेवा काय करणार? हमीवाल्या कंपन्याही सहसा फ्रॉडचेच कोड भरून देतात, बाकीचे तुमच्या गळ्यात. करारात ते कलम शोधाच.

१०.४ मध्येही सगळे चोर नसतात. घरातल्याच कुणीतरी कार्ड वापरलेलं असतं, नाहीतर स्टेटमेंटवर दुकानाऐवजी भलतंच नाव दिसतं आणि गिऱ्हाईक थेट बँक गाठतं. (ते नाव आजच बदलून घ्या.) अशा दाव्यांसाठी व्हिसाने एप्रिल २०२३ पासून एक वाट ठेवली आहे: त्याच कार्डावरचे १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवायचे. त्यात आयपी (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) किंवा डिव्हाइस आयडी (फोन-संगणकाची ओळख) जुळायला हवा, शिवाय डिलिव्हरीचा पत्ता किंवा लॉगिनसारखी आणखी एक गोष्ट. म्हणून सेवा कोणतीही घ्या, हा डेटा ती साठवते का आणि मागितला की देते का, हे लेखी घ्या.

किरकोळ रकमेचे धडाधड फेल होणारे व्यवहार दिसत असतील तर कुणीतरी चोरीची कार्डं तपासतंय. त्याला कॅप्चा आणि प्रयत्नांवर मर्यादा बऱ्याचदा पुरते. तुमच्या पेमेंट गेटवेत (कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेत) बघा, ही सोय असेल.

आता डेमो. 'आम्ही इतका फ्रॉड पकडतो' हे ऐकून भुलू नका, सगळ्याच ऑर्डरी नाकारल्या तरी फ्रॉड शून्यावर येतो. दोघींनाही तुमच्या जुन्या ऑर्डरी निकाल लपवून तपासायला द्या. मागच्या महिन्यातल्या नकोत. चार्जबॅक यायला १२० दिवससुद्धा लागतात, त्याहून जुन्या द्या. मग त्यांनी नाकारलेल्यांत तुमची नेहमीची गिऱ्हाइकं किती, ते मोजा. हमीवालीकडे हे जास्तच बारकाईने बघा. नुकसान तिच्या खिशातून जातं, त्यामुळे जरा शंका आली की नाकारणं तिच्या सोयीचं असतं. किमान किती टक्के ऑर्डरी मंजूर व्हायलाच हव्यात हा आकडा करारात घालायला ती तयार नसेल, तर दर व्यवहाराचे पैसे घेणारी बरी.